दयेचं सातवं कृत्य

कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, वर्गात दयेची सात कृत्यं आमच्याकडून पाठ करून घेतली होती. भुकेल्याला जेवू घालणं, तहानलेल्याला पाणी देणं, उघड्याला वस्त्र देणं, परक्याला घरात घेणं, आजाऱ्याची विचारपूस करणं, तुरुंगातल्याला भेटणं, आणि सातवं, मेलेल्याला मूठमाती देणं. पहिली सहा बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातून सरळ आलेली आहेत, शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा ज्यांचा हिशेब विचारतो ती. सातवं त्या अध्यायात नाहीच. ते मध्ययुगात जोडलं गेलं, तोबीतच्या पुस्तकावरून. का जोडलं असेल याचा मी बरीच वर्षं विचार करतोय, आणि जितका विचार करतो तितकं मला वाटतं की हे सातवं नसतं तर आधीची सहाही अर्धवट राहिली असती.

तोबीतची गोष्ट अशी. हा इस्राएली माणूस, अश्शूरी लोकांनी धरून नेलेल्यांपैकी, निनवे शहरात राहणारा. राजा सन्हेरीब इस्राएली लोकांना मारून त्यांची प्रेतं तशीच टाकून द्यायचा आणि तोबीत ती गुपचूप उचलून पुरायचा. कुणीतरी चुगली केली, राजाने घरदार जप्त केलं, जीव वाचवायला पळून जावं लागलं. पुढे तो राजा मेला, पुतण्याने रदबदली केली म्हणून तोबीत घरी परतला, आणि सणाचा दिवस आला. ताट वाढलेलं आहे. तोबीत मुलाला म्हणतो, जा, आपल्यातला कुणी गरीब दिसला तर जेवायला घेऊन ये, तू येईस्तोवर मी थांबतो. मुलगा जातो आणि एकटाच परत येतो. म्हणतो, बाबा, आपल्यातल्या एकाला गळा आवळून मारलंय आणि बाजारात टाकून दिलंय. तोबीत ताटाला हात न लावता उठतो, ते प्रेत उचलून आणतो, एका खोलीत ठेवतो कारण उजेडात पुरायची सोय नाही, आंघोळ करतो, तेच सणाचं जेवण रडत रडत जेवतो, आणि सूर्य मावळल्यावर खड्डा खणून त्याला पुरतो. शेजारी हसतात, म्हणतात एकदा याच कामापायी मरता मरता वाचला तरी अक्कल आली नाही. आणि त्याच रात्री तो अंगणात भिंतीशी झोपलेला असताना चिमण्यांची शीट डोळ्यांत पडून त्याची दृष्टी जाते. बक्षीस वगैरे काही नाही.

मला यातलं सगळ्यात जास्त भिडतं ते हे की मुलगा बाहेर पडला होता भुकेल्या माणसाला आणायला, आणि त्याला सापडलं प्रेत. आणि बापाला त्या दोन्हींत फरकच करावासा वाटला नाही. ज्या ओढीने तो जिवंत गरिबाला पंगतीला बसवणार होता त्याच ओढीने तो उठून बाजारात गेला. (आमच्या प्रोटेस्टंट भावंडांच्या बायबलमध्ये हे पुस्तक नाही, कॅथलिक बायबलमध्ये आहे. पण गोष्ट वाचायला काहीच हरकत नाही, वाचाच.)

आता मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाकडे येऊ. एक कुष्ठरोगी येशूसमोर गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकाल. लेवीय पुस्तकातला नियम वाचला की या माणसाने केवढं धाडस केलं ते कळतं. अशा रोग्याने फाटके कपडे घालायचे, केस मोकळे सोडायचे, तोंड झाकून 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडत चालायचं, आणि छावणीच्या बाहेर एकट्याने राहायचं. बायबलमधलं कुष्ठ म्हणजे आजचा हॅन्सनचा रोगच असं नाही, त्वचेचे बरेच रोग त्यात धरले जायचे, पण बाहेर काढलेल्या माणसाला त्याने काय फरक पडणार. येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. नुसतं बोलूनही बरा करू शकला असता, दुसऱ्या ठिकाणी केलेलंही आहे, पण इथे आधी हात लागतो आणि मग शब्द येतात. आणि या प्रसंगाचा शेवट आपण प्रवचनात सहसा ऐकत नाही. तो बरा झालेला माणूस गावभर सांगत सुटतो आणि त्यामुळे येशूला उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला असं मार्क लिहितो. म्हणजे बाहेरचा आत गेला आणि आतला बाहेर राहिला, जागांची सरळ अदलाबदल झाली. शेवटी क्रूसावर चढवलं तेही वेशीबाहेरच, आणि इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात ही गोष्ट मुद्दाम नोंदवलेली आहे.

याच मार्कच्या पाचव्या अध्यायात अजून एक माणूस आहे, गरसेकरांच्या मुलखातला, जो कबरींमध्येच राहतो. साखळ्या तोडतो, रात्रंदिवस ओरडतो, दगडांनी स्वतःचं अंग ठेचून घेतो. गावाने जिवंत माणसाला मेलेल्यांच्यात टाकून दिलं होतं. युरोपात मध्ययुगात काही ठिकाणी कुष्ठरोग्याला गावाबाहेर पाठवायचा विधी असायचा, त्यात पाद्री त्याच्या पायांवर माती टाकायचा, की तू आता जगाला मेलास. हे वाचलं तेव्हा मला खूप वेळ दुसरं काही सुचलं नाही. आपल्याच ख्रिस्तसभेचा हा विधी, आणि ज्याच्या नावाने तो व्हायचा त्याने तर नेमकं उलटं केलं होतं.

म्हणून मग फादर डेमियनबद्दल लिहायलाच हवं. बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावचा शेतकऱ्याचा मुलगा, १८४० चा जन्म. हवाईला मिशनरी म्हणून गेला. तिथे १८६५ साली कायदा झाला होता की कुष्ठरोग झालेल्यांना वेगळं ठेवायचं, आणि १८६६ पासून त्यांना मोलोकाई बेटाच्या एका टोकावर नेऊन सोडायला लागले. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला सरळसोट डोंगरकडा. घरच्यांचा निरोप घ्यायचा तो कायमचाच. नवरा-बायकोची ताटातूट, मुलं-आईबापांची ताटातूट. नॉर्वेत डॉक्टर हॅन्सनने रोगाचे जंतू पहिल्यांदा पाहिले ते १८७३ साली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तेहतीस वर्षांचा डेमियन तिथे उतरला. राहायला घर नव्हतं म्हणून सुरुवातीच्या रात्री तो चर्चजवळच्या एका झाडाखाली झोपला. ते झाड म्हणजे आपल्याकडच्या केवड्याच्या जातीचं, हवाईत त्याला हाला म्हणतात.

सुरुवातीला त्यालाही जड गेलंच. जखमांचा वास सहन होईना म्हणून तो पाइप ओढायला लागला. पण हळूहळू त्याने अंतर सोडलं. तिथले लोक अळूचे कंद उकडून कुटून 'पोई' करतात, एकाच भांड्यातून सगळे बोटांनी खातात, तो त्या भांड्यात बोटं घालून त्यांच्याबरोबर खायला लागला. जखमा धुवायचा, पट्ट्या बांधायचा, घरं बांधायला मदत करायचा, पाण्याची लाइन आणायला सरकारच्या मागे लागायचा. हे सगळं लोकांना माहीत असतं, पुस्तकांत असतं. मला सांगायचंय ते वेगळं.

तो यायच्या आधी तिथे माणूस मेला आणि त्याच्याकडे पैसे नसले तर पेटी मिळायची नाही, कशात तरी गुंडाळून उथळ खड्ड्यात टाकायचे आणि डुकरं-कुत्री ते उकरायची. डेमियनला सुतारकाम येत होतं. त्याने पेट्या बनवायला घेतल्या. स्वतः फळ्या कापायच्या, स्वतः खिळे ठोकायचे, स्वतः खड्डा खणायचा, आणि स्वतःच प्रार्थना म्हणायच्या. कबरींना कुंपण घातलं. दफनासाठी रुग्णांचंच एक मंडळ उभं केलं, मेलेल्याला वाजतगाजत न्यायचं, ढोल, बाकीची वाद्यं, बरोबर चालणारी माणसं. विचार करा, बोटं झडलेल्या माणसांनी वाद्यं धरलीयेत आणि पुढे एक पेटी चाललीये, आणि जो चालतोय त्यातल्या प्रत्येकाला माहितीये की पुढची पेटी माझी असू शकते, पण आता त्याला हेही माहितीये की माझ्याही मागून कुणीतरी चालणार आहे, मलाही कुत्री उकरणार नाहीत. मला वाटतं त्या वस्तीत जगण्याला पुन्हा काही अर्थ आला असेल तर तो आधी मरणाच्या बाजूने आला. औषध तर तेव्हा नव्हतंच. बरं करता येत नव्हतं, पण टाकून न देणं हातात होतं.

१८८४ च्या डिसेंबरात त्याचा पाय उकळत्या पाण्यात पडला, फोड आले, पण त्याला चटका जाणवलाच नाही. त्यावरून त्याला कळलं की आपल्यालाही हा रोग झालाय. १८८८ च्या नोव्हेंबरात मदर मारियान कोप आणि त्यांच्या सिस्टर्स मोलोकाईच्या त्याच टोकावर, कालाउपापाला, आल्या, त्याच्या शेवटच्या महिन्यांत आधार झाला. १५ एप्रिल १८८९ रोजी तो गेला, ४९ वर्षांचा होता, आणि ज्या झाडाखाली पहिल्या रात्री झोपला होता त्याच झाडाखाली त्याला पुरलं. १९३६ मध्ये बेल्जियमने त्याचे अवशेष मागून नेले, आणि १९९५ मध्ये त्याचा उजवा हात मोलोकाईला परत देण्यात आला, त्याच जुन्या कबरीत पुरायला. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केलं. हात परत दिला हे मला फार योग्य वाटतं. पेट्या त्या हाताने बनवल्या होत्या.

शंभर वर्षांच्या काळात तिथे जवळपास आठ हजार माणसं पाठवली गेली, १९६९ साली सक्ती संपली. बहुतेकांच्या कबरींवर आज नाव नाही, कित्येकांच्या कबरीची जागाच माहीत नाही. आता तिथल्या रुग्णांनी आणि त्यांच्या वंशजांनी मिळून ती सगळी नावं एका स्मारकावर कोरायची असं ठरवलंय, २००९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याला कायद्याने मंजुरीही दिली. पणजोबांचं, खापरपणजीचं नाव शोधत लोक जुनी रजिस्टरं चाळतात, कारण घरात त्या नावाबद्दल कुणी बोलतच नव्हतं.

आपल्या वसईचाही इथे एक धागा आहे आणि तो आपण फारसा सांगत नाही याची मला खंत वाटते. संत गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज आणि आई इथली. जपानला गेला, व्यापार केला, त्यात पैसाही कमावला, मग सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि जपानी भाषा उत्तम येत होती म्हणून १५९३ मध्ये दुभाषा म्हणून परत जपानला गेला. त्या फ्रान्सिस्कनांनी क्योतो शहरात काय सुरू केलं तर कुष्ठरोग्यांसाठी आणि गरिबांसाठी दवाखाने. ज्यांना शहराने हाकलून दिलं होतं त्यांचे पाय धुणं, त्यांना जेवण देणं, हे तिथलं रोजचं काम, आणि ते ज्याच्या तोंडून त्या रुग्णांशी बोलायचे तो आपला वसईकर. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं त्यात तो होता. दर फेब्रुवारीत आपण त्याचा सण करतो, मिरवणूक निघते, बँड वाजतो, आणि ते सगळं व्हायलाच हवं. पण हुतात्मा होण्याआधी हा माणूस दिवसभर काय करत होता तेही त्या दिवशी सांगितलं तर आमच्या पोरांना जास्त उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन सगळ्यांना ठाऊक असतं, १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन विधवा आणि अनाथ पोरी आणल्या, ज्यांना फसवून वाईट मार्गाला लावलेलं होतं त्यांच्यासाठी कृपा सदन काढलं, आंधळ्यांसाठी सोय केली. पण त्यांच्या तरुणपणातली एक गोष्ट त्यांनीच लिहून ठेवलीये. त्याआधीच्या दुष्काळात फिरता फिरता वडील गेले, मग आई गेली. परक्या गावात आईचं प्रेत उचलायला खांदेकरी मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली, आणि ते दोघं, भाऊ आणि रमाबाई अशा चौघांनी ते दूरच्या स्मशानात नेलं. रमाबाई उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. या बाईने नंतर हजारो टाकून दिलेल्या बायका-मुलींना घर दिलं ते कुठून आलं असेल हे मला वेगळं शोधावं लागत नाही. धर्म त्यांनी पुढे बदलला, पण आईला डोक्यावर घेऊन चालणारी मुलगी तीच होती.

हे सगळं जुनं म्हणून सोडून देता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत कोव्हिडने गेलेल्या एका ख्रिस्ती डॉक्टरचं दफन लोकांनी होऊ दिलं नाही, ॲम्ब्युलन्सवर दगड आणि काठ्या आल्या, बरोबरचे लोक जखमी झाले, आणि शेवटी त्यांच्या एका सहकारी डॉक्टरने रात्रीच्या अंधारात हातात फावडं घेऊन त्यांच्यावर माती लोटली. पुढच्या वर्षी हायकोर्टाने त्यांना त्यांच्या समाजाच्या दफनभूमीत नेण्याची परवानगी दिली, पत्नी तेवढ्यासाठी लढत होती. त्या बातमीत मला तोबीत दिसला, अगदी सूर्य मावळायची वाट बघण्यापर्यंत.

२ नोव्हेंबर हा सगळ्या मृतांचा दिवस. फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी साधारण ९९८ च्या सुमारास आपल्या मठांत तो सुरू केला आणि तिथून तो जगभर पसरला. १ तारखेला सगळ्या संतांचा सण आणि लगेच दुसऱ्या दिवशी सगळ्या साध्यासुध्या मेलेल्यांचा, ज्यांचं चर्च नाही, पुतळा नाही, ज्यांच्या नावाने कुणी नवस बोलत नाही त्यांचा. पहिल्या महायुद्धात इतकी माणसं मेली, इतक्यांच्या कबरीही झाल्या नाहीत, की १९१५ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा (वेदीवरचे उपासनाविधी) करायची मुभा दिली. त्यातली एक मिस्सा सगळ्याच मृतांसाठी. म्हणजे ज्याच्या नावाने मिस्सा करा असं इंटेन्शन कुणी दिलेलं नाही त्याच्यासाठीही.

वसईत त्या दिवशी दफनभूमी बघण्यासारखी असते. पावसाळ्यात माजलेलं गवत लोक आधीच्या रविवारी येऊन काढतात, कबरी धुतात, काहीजण चुना लावतात. मग २ तारखेला संध्याकाळी शेवंती आणि झेंडूच्या राशी, वाडीतलीच फुलं, मेणबत्त्या वाऱ्याने विझतायत आणि शेजारच्या कबरीवरच्या मेणबत्तीवरून पुन्हा पेटवल्या जातायत, लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाया कबरीच्या कडेला बसून माळ म्हणतायत, लहान पोरं मेण गोळा करून गोळे करतायत, कुणी त्यांना ओरडत नाही. फादर पवित्र पाणी शिंपडत रांगेरांगेने फिरतात. आता जागेची टंचाई आहे, तीच जागा काही वर्षांनी दुसऱ्यासाठी उघडावी लागते, आणि मुंबईतल्या पॅरिशमध्ये (एकेका चर्चच्या हद्दीत) तर हे फार लवकर करावं लागतं, त्यामुळे खूप कबरींना आता पक्का दगडच नसतो. कडेला, कुंपणाजवळ, एक पट्टा असा आहे जिथे नुसते मातीचे उंचवटे आहेत. तिथे फारसं कुणी थांबत नाही. माझी आई थांबायची. घरच्यांच्या कबरींसाठी आणलेल्या पाकिटातल्या चार-पाच मेणबत्त्या ती बाजूला ठेवायची आणि शेवटी तिकडे जाऊन लावायची, कोण आहे तिथे असं विचारलं तर म्हणायची, असेल कुणाचं तरी पोर.

आणि आपल्याच दफनभूम्यांनी केलेला अन्यायही इथेच सांगितला पाहिजे. आत्महत्या केलेल्याला चर्चच्या विधीने पुरायचं नाही असं चर्चच्या १९१७ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. आधीच कोसळलेल्या आईबापांना हे ऐकावं लागायचं की तुमच्या मुलाला आत जागा नाही. १९८३ च्या नव्या कायद्यातून ती बंदी गेली, आणि १९९२ च्या कॅटेकिझमने, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाने, सांगितलं की अशा माणसांच्या तारणाबद्दल आशा सोडू नका, देवाला ठाऊक असलेल्या मार्गाने त्यांनाही संधी मिळू शकते, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. बाप्तिस्म्याआधी गेलेली तान्ही बाळं, त्यांनाही कित्येक ठिकाणी कुंपणाबाहेर पुरायचे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत तर दलित ख्रिस्तींच्या आणि बाकीच्यांच्या कबरींमध्ये चक्क भिंत घातलेली होती, जिच्याविरुद्ध लोकांना आंदोलनं करावी लागली. जिवंतपणी देवळात वेगळं बसवलं, मेल्यावर मातीतही वेगळं केलं. कुठल्या तोंडाने आपण मग त्या वेशीबाहेर मेलेल्याचं नाव घेतो? त्याला पुरायला तर स्वतःची कबरही नव्हती, अरिमथाईच्या योसेफाने आपली दिली, आणि ज्याला गुन्हेगार म्हणून मारलं त्याचं प्रेत रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन मागायला त्याने हिंमत केली. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने परत फेकलेल्या तीस नाण्यांतून कुंभाराचं शेत विकत घेतलं गेलं, परक्यांना पुरायला. येशूच्या मृत्यूच्या पैशातून पहिली कुठली गोष्ट झाली असेल तर ती ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी जागा झाली, यावर मी पुष्कळदा विचार करत बसतो.

घरचं एक सांगतो. आमच्या पॅरिशमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी पाकिटं वाटतात, त्यात आपापल्या मृतांची नावं लिहून द्यायची, ती नोव्हेंबरभर वेदीजवळ ठेवतात आणि मिस्सांमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होते. आमची लिस्ट आई लिहायची. आजोबा, आजी, दोन मामा-आजोबा, वगैरे. आई गेल्यावर लिस्ट माझ्याकडे आली आणि मी मावशीला फोनवर वाचून दाखवत होतो, कुणी राहिलं का बघायला. मावशी गप्प झाली आणि मग म्हणाली, आजीला भाऊ तीन होते.

तिसरा, म्हणजे खरं तर थोरला, क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नाच्या बँडमध्ये. मग बोटांना भोकं लागेनाशी झाली, म्हणजे बोट भोकावर आहे की नाही ते त्याला कळेना, सूर फाटायला लागले, बँडवाले हसायला लागले. नंतर हातावर डाग दिसले. त्या काळात एकाला झालं की घरातल्या मुलींची लग्नं अडायची, तेव्हा त्याला मुंबईतल्या एका कुष्ठरुग्णालयात सोडून आले आणि गावात सांगितलं की बोटीवर नोकरी लागली. मावशी सात-आठ वर्षांची असताना तो एकदा रात्री आला होता. घरात आला नाही, मागे बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाला उभा राहिला. आजीने भात आणि कालवण केळीच्या पानावर नेलं, कारण ताट दिलं असतं तर सकाळी सासूने विचारलं असतं ताट कुठे गेलं. मावशी दाराआडून बघत होती. आजी त्याच्या शेजारी बसली, हातभर अंतरावर नाही, शेजारी, आणि तो जेवेपर्यंत बसून राहिली. पान तिने पाण्यात सोडलं. त्यानंतर तो कधी आला नाही. कधी गेला, कुठे पुरलं, कुणालाच माहीत नाही, निदान कुणी बोललं नाही. आजी मात्र दरवर्षी आईला लिस्ट सांगताना शेवटी म्हणायची, 'आणि बाकीचे', आणि आई तसंच लिहायची. मला वाटायचं की ती जगातल्या बाकीच्यांसाठी म्हणतेय.

मला आजीचा राग येत नाही. तिने जेवढं करता येत होतं तेवढं केलं, आणि ते थोडं नव्हतं. राग येतो तो त्या गावाचा, ज्या गावात चर्च होतं, मिस्सा होती, डेमियनच्या गोष्टी फादर सांगत होते, आणि तरी एका बहिणीला आपल्या भावाला जेवू घालायला अंधार लागला. आपल्या ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून अगदी २०१९ पर्यंत होतं, तेव्हा कुठे संसदेने सगळ्याच धर्मांच्या कायद्यांतून ते काढलं. रोग गोळ्यांनी बरा होतो, १९८० च्या दशकापासून होतोय. आजही सिग्नलला बोटं नसलेला हात काचेवर टेकला की आपण काच वर करतो.

मी स्नानसंस्काराच्या रजिस्टरमध्ये शोधलं, नाव सापडलं, बाप्तिस्म्याची तारीख सापडली, धर्ममातेचं नावही सापडलं. मृत्यूची नोंद आमच्या पॅरिशमध्ये नाही, म्हणजे ती मुंबईत कुठेतरी असेल, या हिवाळ्यात त्या रुग्णालयात जाऊन विचारणार आहे, जुनी रजिस्टरं ठेवलेली असली तर. मावशीला हल्ली त्याचं काही ना काही आठवत असतं, फोन करून सांगते. लग्नात नवरी निघताना तो कुठलं गाणं वाजवायचा, त्याला सुकं बोंबील कसं आवडायचं, पोहायला कसा पटाईत होता.

यंदाच्या पाकिटात त्याचं नाव लिहिलंय. मामाला ते फारसं पटलेलं नाही, तो म्हणतो, इतक्या वर्षांनी लोक विचारतील हा कोण नवीन. विचारू देत, मावशी सांगणार आहे.